चार नंबरचा चौसिंगा

सावरघाट चौकी, दिग्रसजवळ
३ एप्रिल २०२४

आदरणीय उकंडाकाकाजी,

नमस्कार. तुम्ही मला ओळखत नाही. मी निकिता, नेरची. जानेवारीपासून सावरघाटच्या राखीव जंगलात वनरक्षक म्हणून रुजू झाले आहे. तुम्ही एकतीस वर्षं वनमजूर म्हणून काढलीत तीच ही चौकी, आणि कूस बदलली की कुरकुरते ती तुमचीच बाज.

बाजेखाली पत्र्याच्या पेटीत तुमच्या वह्या सापडल्या. वरच्या वहीवर तुमच्या मुलाचा नंबर होता. इथे रेंज नाही, म्हणून बाजाराच्या दिवशी दिग्रसला गेले तेव्हा फोन केला. तो म्हणाला, बाबांना फोनवर काही ऐकू येत नाही, मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी पुण्याला आणलंय, तुम्ही पत्र लिहा, आई वाचून दाखवेल. शाळेच्या परीक्षेत मामाला लिहिलं होतं, त्यानंतर हे माझं पहिलंच पत्र. चुकलं तर हसू नका.

काम असं आहे. आपल्या जंगलात सिमेंटच्या पाच बश्या आहेत, उन्हाळ्यात टँकरने भरतो त्या. यंदा ११ मेपासून टँकर चारच बश्या भरणार. १० मेला साहेब रजिस्टर बघतील आणि ज्या पाणवठ्यावर सगळ्यात कमी जनावर दिसलं त्याचं पाणी बंद करतील. मोहाखालचा चार नंबर सगळ्यात ओसाड आहे. मागच्या आठवड्यात तिथे तीन मोर, एक मुंगूस आणि एक घोरपड, बस.

पण रजिस्टरमध्ये २०१५ पासून दर उन्हाळ्यात तुमची नोंद आहे: चार नंबर, चौसिंगा, मादी, एक, ठसे. साहेब म्हणतात, त्या एका चौसिंग्यावर चार नंबर आजवर टिकला. आपल्या जंगलात दुसरीकडे कुठेही त्याची नोंद नाही. चार शिंगांचं ते लहान हरीण मी फक्त पुस्तकात पाहिलंय. काकाजी, तो कधी येतो, कुठून येतो? तो मला दिसला पाहिजे, नाही तर चार नंबर कोरडा पडेल.

तुमची,
निकिता


पुणे
१० एप्रिल

चि. निकिताले उकंडाचा रामराम.

तुह्यं पत्र भेटलं. इंदूबाईनं दोनदा वाचून दाखवलं, दुसऱ्यांदा मीच वाचाले लावलं. इथं पाचव्या मजल्यावर बसून राह्यतो. खालून गाड्या जाते अन् समोरच्या गॅलरीत एक कबुतर येते. इंदूबाई म्हनते, मोजा आता कबुतरं, सवय हाय तुम्हाले.

बाजेची कुरकुर म्हनशीन तं डाव्या अंगाच्या खुराखाली सुपारीएवढा गोटा ठेव, थांबते.

आता ऐक. बशीच्या भोवती चार हात जागेत बारीक माती टाक. सांजच्याले तुरीच्या काड्याच्या खराट्यानं ती झाडून घे अन् झाडत झाडत मांगं सरक, नाई तं सकाळी आपलेच ठसे मोजत बसशीन. रात्रभरात जो आला त्याची सही तिथं असते. अंगाले पावडर, सेंट काई लावू नको. चौकीत अगरबत्ती लावत असशीन तं देवाले म्हना, उन्हाळाभर माफी करा. दुपारी बसाचं असन तं बारा ते चार, पळसाच्या पानाचा आडोसा करून. खोकला आला तं गिळून टाक.

चौसिंग्याचा खुर अन् बकरीचा खुर सारखाच दिसते. भल्याभल्याले समजत नाई. मंग वळखावं कसं? लेंड्या पाहाच्या. बकरी चालता चालता टाकते, वाटभर सांडत जाते. चौसिंगा तसा नाई. तो रोज फिरून एकाच जागी येते अन् तिथंच टाकते, ढीग होते. रोही म्हंजे नीलगाय, तिचाबी ढीग होते, पन तिचा दाना मोठा, चौसिंग्याचा बारीक. हे मले माह्या बापानं शिकवलं, कोन्या साहेबानं नाई.

जवळच्या बंजारा तांड्यावरून कोनी येत असते काय चार नंबरकडे? सहज विचारलं.

उकंडा


सावरघाट चौकी
१८ एप्रिल

काकाजी,

गोटा ठेवला. बाज गप्प झाली. आता मलाच करमत नाही.

तुमचं पत्र आलं त्याच दिवशी पाचही बश्यांभोवती माती घातली. पहिल्या सकाळी एक नंबरवर मोठा ठसा दिसला. वाकून बघते तर माझ्याच चपलेचा, टाचेवर नंबरसुद्धा उमटलेला. मागे सरकायचं विसरले होते. कोणाला सांगू नका.

दोन नंबरवर अस्वलीण येते, पाठीवर पिल्लू घेऊन. पिल्लू उतरायलाच तयार नसतं, मग ती तशीच वाकून पिते आणि पिल्लाच्या नाकात पाणी जातं. तीन नंबरवर रोही आणि चितळं. चार नंबरवर दुपारी लांब पांढऱ्या शेपटीचा एक पक्षी आला, पाण्यात बुडी मारली, मोहाच्या फांदीवर बसून पंख झटकले, परत बुडी. असं सहा वेळा. स्वर्गीय नर्तक म्हणतात त्याला. तुमच्या वहीत तो 'शेपटीवाला पाहुणा' म्हणून लिहिलाय, मला तेच नाव आवडलं.

आता मुख्य गोष्ट. तुमचं पत्र यायच्या आधीच, ६ आणि ९ तारखेला, चार नंबरच्या ओल्या काठावर लहान खुरांचे ठसे होते. मी आनंदाने रजिस्टरमध्ये 'चौसिंगा' लिहिलं आणि पुढे प्रश्नचिन्ह टाकलं. पण १२ तारखेनंतर एकही ठसा नाही.

तुम्ही तांड्याचं विचारलंत. हो, १२ तारखेला एक म्हातारी काळी बकरी घेऊन चार नंबरवर आली होती. इथे चराईबंदी आहे हे तिला माहीत नसेल असं नाही. मी बकरीचं दावं धरलं आणि सांगितलं, पुन्हा दिसलीस तर बकरी कोंडवाड्यात आणि तुझ्यावर केस. तिने बशीकडे एकदा पाहिलं आणि बकरी घेऊन गेली. त्यानंतर फिरकली नाही. साहेबांनी शाबासकी दिली.

माणसांचा वावर बंद झाला म्हणजे चौसिंगा परत येईल ना?

निकिता


पुणे
२७ एप्रिल

चि. निकिता,

उजव्या डोळ्याचं ऑपरेशन २३ तारखेले झालं. वर हिरवं फडकं हाय. डाव्या डोळ्यानं लिवून राह्यलो, ओळ वाकडी गेली तं समजून घे.

तुह्यं पत्र वाचता वाचता इंदूबाई मधातच थांबली. मले वाटलं चष्मा पुसते. मंग पुढचं वाचलं, पन हळू आवाजात वाचलं, अन् तिले माहीत हाय का मले हळू ऐकू येत नाई. मी परत वाचाले लावलं.

म्हातारीले काढून देल्लं ते कायद्यानं बरोबर केलं. मी काई म्हनत नाई. पन उन्हाळ्यात पान्यावर आलेल्याले आधी पिऊ द्याव अन् मंग बोलाव, असं आमचे जुने लोक म्हनत. ती गेली तेव्हा बकरी पिऊन गेली का तशीच गेली, ते तू लिवलं नाई.

बकरीच्या कानावर पांढरा ठिपका होता काय? सहज विचारलं.

डॉक्टर म्हनते जास्त लिवू नका. बंद करतो.

उकंडा


सावरघाट चौकी
३ मे

काकाजी,

डोळ्याला जपा. माझ्या पत्रांची घाई करू नका, असं लिहिणार होते. पण घाई मलाच आहे, काय करू.

बकरीच्या डाव्या कानावर पांढरा ठिपका होता. तुम्हाला कसं माहीत?

आणि ती तशीच गेली, न पिता. तुमचं पत्र येईपर्यंत मला हे आठवलंही नव्हतं. आता रोज पाण्याची बाटली तोंडाला लावली की आठवतं.

चौसिंगा आला नाही. रोज झाडते, रोज बघते. चार नंबरवर मोर, ससा, सायाळ, रानमांजर, एकदा सर्पगरुड. लहान खूर नाही. मग तुम्ही शिकवलं तसं लेंड्या शोधायला निघाले. बशीपासून दोनशे पावलं, ते ठसे ज्या वाटेने आले होते त्या अंगाने, दोन दिवस. लेंड्या आहेत, पण जुन्या, वाळलेल्या, वाटभर सांडलेल्या. ढीग कुठेही नाही. आणि ती वाट तांड्याकडे जाते.

काकाजी, रागावू नका. तो चौसिंगा तुम्ही तुमच्या डोळ्यांनी कधी पाहिलाय का?

१० तारीख आठवड्यावर आली. खरं लिहिलं तर चार नंबर जातो. खोटं लिहिलं तर राहतो. माझे बाबा नेरच्या कापूस बाजारात मापारी आहेत. लहानपणी मला काट्याजवळ उभं करून सांगायचे, एकदा काटा मारला की हाताला वळण लागतं, मग खरं मापतानाही हात थरथरतो. मी अजून प्रोबेशनवर आहे. मला सांगा मी काय लिहू.

निकिता


पुणे
८ मे

चि. निकिता,

लिव चौसिंगा. मादी, एक, ठसे. उकंडानं कळवलं म्हनून माह्या नावानं लिव. पानवठा बंद होऊ देऊ नको. बाकी काई विचारू नको.

९ मे

वरचं लिवलं ते काल पोस्टात टाकाचं होतं. इंदूबाईनं कागद उशीखाली घालून ठेवला. म्हने, पोरगी तुम्हाले काकाजी म्हनते अन् तुम्ही तिले आपल्या रांगेत उभं करून राह्यले. सांगाचं तं सारं सांगा, नाई तं चूप बसा. चाळीस वर्षं झाले, तिच्या पुढे माह्यं काई चालत नाई. तं आता ऐक.

चार नंबरवर मी चौसिंगा कधीच पाह्यला नाई. पुऱ्या सावरघाटात एकदाच पाह्यलता, अठ्ठ्यान्नव साली, तोबी पळताना, मांगून.

२०१५ चा उन्हाळा लय कठीण होता. तांड्यावरच्या हातपंपावर एका घरी दोन गुंड पानी, त्याच्यावर नाई. बकऱ्याईले तिथं कोनी उभं करत नव्हतं. तू काढून देल्ली ते म्हातारी म्हंजे जमनी, तिचा नवरा खेमसिंग आदल्याच साली गेलता. लेकरू नाई. घरात ती अन् एक काळी बकरी, कानावर पांढरा ठिपका. ती बकरी घेऊन चार नंबरवर आली अन् मले सापडली. कायद्यानं बकरी कोंडवाड्यात घालाची. मी दावं धरून ओढत गेटापर्यंत आनलीबी. जमनी मांगून चालत आली. रडली नाई, भांडली नाई. गेटाजवळ म्हने, भिया, तिले पिऊ तं देल्लं असतं, मंग नेली असती. तिच्या गोर बोलीत भिया म्हंजे भाऊ. मले माह्या हाताची लाज वाटली. दावं सोडून देल्लं.

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेब आले. ते दुसरे होते, आता बदलून गेले. झाडलेल्या मातीत खुरं उमटले होते. म्हने, उकंडा, हे काय? बकरी म्हनलं असतं तं जमनीवर केस. माह्या तोंडून निघून गेलं, चौसिंगा साहेब. साहेब इतके खुश झाले का त्याईनं सोताचा पेन देऊन माह्याकून लिवून घेतलं. मंग दरसाली लिवा लागलं. लिवावं तं खोटं, न लिवावं तं जमनीचं पानी जाते. एकतीस वर्षांत मी एकच खोटं लिवलं, पन ते नऊ वेळा लिवलं.

तुले लेंड्याईचं सांगताना ध्यानातबी नाई आलं का मी आपल्याच पायावर धोंडा पाडून राह्यलो. शिकवाचा नाद, दुसरं काय. लय वर्षांनी कोनी विचारलं होतं.

रिटायर होऊन इकडे येताना मी जमनीले काईच सांगून आलो नाई. नव्या मानसाले काय सांगाव अन् कसं सांगाव, ते मले समजलं नाई. अन् तू पयल्याच उन्हाळ्यात तिचं दावं धरलं. तुह्यी चूक नाई. मीबी तेच केलतं.

आता तुले जे खरं वाटते ते लिव. माह्यं नाव सांगाचं असन तं सांग, मी रागावनार नाई. पन एकदा तांड्यावर जाऊन ये. जमनीचं कसं चालू हाय ते मले कळव. मले झोप येत नाई.

उकंडा


सावरघाट चौकी
१९ मे

काकाजी,

तुमचं पत्र १४ तारखेला हातात पडलं. उशीर झाला होता.

१० तारखेला मी रजिस्टरमध्ये लिहिलं: चार नंबर, चौसिंगा दिसला नाही, ठसे नाहीत. एप्रिलमधली माझी दोन प्रश्नचिन्हं होती, तीही खोडून तिथे 'बकरी' लिहिलं. साहेब म्हणाले, यंदा नाही आला होय, आणि चार नंबरवर रेघ ओढली. ११ पासून टँकर बंद.

पत्र वाचून मला तुमचा राग आला. दिवसभर आला. ज्या वह्या मी उशाशी घेऊन झोपत होते त्यातली कुठली ओळ खरी आणि कुठली नाही, असं वाटायला लागलं. पण जास्त राग माझा मला आला. ज्याची वाट बघत मी महिनाभर पळसाच्या पानांआड बसले, त्याला मीच दावं धरून हाकललं होतं. आणि त्या माउलीला मी अरेतुरे केलं, काकाजी. माझ्या आजीच्या वयाची बाई.

१५ ला चार नंबरवर गेले. कोरडी बशी बघायची हिंमत होत नव्हती, पण गेले. बशीत वीतभर पाणी होतं.

मला वाटलं टँकरवाला चुकून ओतून गेला. १६ ला सकाळी सहाला जाऊन बसले. साडेसहाला तांड्याच्या वाटेने जमनीबाई आल्या. डोक्यावर पाण्याचा गुंड, कमरेवर कळशी, बकरी नाही. दोन्ही बशीत रिकाम्या केल्या. काठावर मुंग्या होत्या त्या बोटाने बाजूला सारल्या. मी पुढे झाले तर दचकल्यासुद्धा नाहीत. म्हणाल्या, "बकरीले मनाई केली तू. मले कुठी केली?"

मी विचारलं, मावशी, दीड किलोमीटरवरून पाणी आणता, घरी तरी पुरतं का? बकरी तर इथे येत नाही, मग हे कोणासाठी? त्या म्हणाल्या, "भिया भरत होता. भिया गेला. आता टँकरबी गेला. इतकी वर्षं आमी त्याच्या जनावराईचं पानी पिलं, मंग आता त्याईले कोन पाजीन?"

काकाजी, मला तिथे रडू आलं. युनिफॉर्ममध्ये होते तरी. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, ओला होता, टोपी ओली झाली.

तर आता असं ठरलंय. चौकीचा हातपंप गेटाच्या बाहेर आहे, म्हणजे जंगलाच्या हद्दीबाहेर. तिथे मी एक घमेलं ठेवलंय. बकरी रोज तिथे पिते, त्याला कुठल्याच कायद्याची मनाई नाही. तिचं नाव राणी. तुम्ही दावं धरलं होतं त्या बकरीची ही नात आहे, ठिपका घरचाच आहे. आणि चार नंबरसाठी माझ्या गाडीवर वीस लिटरच्या दोन कॅन बांधून मी सकाळी नेते. जमनीबाईंना म्हटलं, आता तुम्ही आणू नका. त्या एक कळशी तरी आणतातच. ऐकत नाहीत.

रजिस्टरमध्ये लिहिलंय: पाणवठा चार, टँकर बंद, पाणी भरणार जमनीबाई आणि वनरक्षक. जुन्या नऊ ओळींचं मी कोणाला सांगितलेलं नाही. कोणी विचारलं तर खोटं बोलणार नाही. पण कोणी विचारलेलं नाही.

जमनीबाई विचारत होत्या, भियाचे डोळे कसे आहेत.

तुमची,
निकिता


पुणे
२६ मे

चि. निकिता,

डॉक्टर म्हने डोळ्याले पानी लागू देऊ नका. इंदूबाई म्हनते, मंग या पोरीचे पत्र बंद करा लागते.

जमनीले सांग, डोळा बरा हाय. दुसऱ्याचं जुलैत. तिले सांग का भियानं विचारलं. आनखी काय सांगाव ते मले सुचत नाई, तू शहाणी हाय, तूच काई चांगलं सांगून दे.

तू खरं लिवलं ते बरं केलं. मले वाईट वाटलं नाई असं म्हनत नाई, वाटलं. पन तुह्या बापाले माह्या रामराम सांग. त्याचा काटा बरोबर हाय.

कॅन गाडीवर बांधताना दोरी आडवी घाल, उभी नाई. घाटातल्या वळनावर सरकते.

उकंडा


सावरघाट चौकी
५ जून

काकाजी,

हे पत्र चार दिवसांपूर्वीच लिहिणार होते, पण आधी सगळं तपासून घेतलं. घाईत काही लिहायचं नाही असं ठरवलं होतं.

१ जूनला चार नंबरच्या मातीत लहान खुरांचे ठसे होते. मी काही आनंद वगैरे केला नाही. सरळ तांड्यावर गेले आणि विचारलं, मावशी, राणी रात्री कुठे होती? म्हणाल्या, घरात, माझ्या बाजेच्या पायाला बांधलेली. आणि तांड्यातल्या बाकी बकऱ्या? त्या म्हणाल्या, तुझ्या भीतीने कोणी गेटाकडे तोंड करत नाही. तेवढं ऐकून जरा वाईटच वाटलं.

दुसऱ्या दिवशी परत ठसे. मग लेंड्या शोधायला लागले. बशीपासून सत्तर पावलांवर तेंदूच्या झुडपामागे, तांड्याच्या वाटेच्या अगदी उलट दिशेला, सापडल्या. बारीक दाणा. खाली वाळलेल्या, वर ओल्या. मी हात लावला नाही, फक्त बाजूला एक काडी रोवून आले. तिसऱ्या दिवशी गेले तर काडीच्या अलीकडे ताज्या. चौथ्या दिवशीही तिथेच. आज पुन्हा तिथेच.

काकाजी, लेंड्या एकाच जागी आहेत.

मला तो दिसलेला नाही. दुपारी बारा ते चार बसते, खोकला गिळते, तरी नाही. पण जमनीबाईंना दिसला. काल सकाळी कळशी घेऊन आल्या तर बशीवर उभा होता. त्यांना वाटलं राणी सुटून आली, म्हणून नावाने हाक मारली. त्याने मान वर केली, एक एक पाय उचलून टाकत हळूच झाडीत गेला. त्या मला सांगत होत्या, "तुह्या साहेबाचा चौसिंगा म्हंजे हाच काय? हा तं माह्या बकरीएवढाच हाय." डोक्यावर शिंगं नव्हती, म्हणजे मादी.

मी रजिस्टरमध्ये लिहिलं: चार नंबर, चौसिंगा, मादी, एक. ठसे, लेंड्या. प्रत्यक्ष पाहिलं: जमनीबाई. प्रश्नचिन्ह टाकलं नाही. लिहून झाल्यावर बराच वेळ त्या पानाकडे बघत बसले होते.

साहेब आज आले. त्यांनी वाचलं, म्हणाले, "आला का? दरवर्षीचाच आहे तो," आणि सही केली. उद्यापासून चार नंबरला टँकर परत चालू, पाऊस पडेपर्यंत. मी तोंड दुसरीकडे करून हसू दाबलं.

टँकर येणार असं सांगितलं तरी जमनीबाई म्हणतात, माझी एक कळशी राहू दे.

तुमची,
निकिता


पुणे
१२ जून

चि. निकिता,

पत्र इंदूबाईनं वाचलं. लेंड्याईच्या ओळीपाशी आली अन् मले म्हने, तुम्ही सोता वाचा. पट्टी निघालेली हाय. उजव्या डोळ्यानं, कागद हातात धरून, मी ते वाक्य सोता वाचलं. अक्षर चांगलं हाय तुह्यं.

तिथं किती वर्षापासून असन तो, अन् मी बकरीच्या ठशापायी कधी सत्तर पावलं पलीकडे गेलोच नाई. मले माहीत होतं का तिथं काई नाई. माहीत असलेला मानूस पाहत नाई, पोरी.

एक काम कर. रजिस्टरच्या त्या पानाची दिग्रसले झेरॉक्स काढ अन् मले पाठव. ते नऊ पानं मी लिवले, पन लिवल्यावर एकदाबी उलटून पाह्यले नाई, हिंमत झाली नाई. हे दहावं मले वाचाचं हाय. जमनीचं नाव हाय ते पान.

दुसऱ्या डोळ्याचं झालं का येतो. पोरगा नाई म्हनते, पन येतो. बाजेखालचा गोटा काढू नको.

उकंडा